गरोदरपणात नंबर बदलतोच

७ जानेवारी

फ्रेमांच्या घाऊक व्यापाऱ्याने नव्या दुकानासाठी ही डायरी भेट दिली. जाड पुठ्ठा, आत रेघांची पानं. कशाला वापरावी ते सुचत नव्हतं. ही म्हणाली, दिवसभर लोकांना तक्ता वाचायला लावता, संध्याकाळी आपणही चार ओळी लिहीत जा. म्हणून बसलोय.

दुकान पूर्वी एका घड्याळजीचं होतं. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मागे नंबर तपासायची खोली. खोली आखूड पडते, म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलाय आणि समोरच्या भिंतीवर आरसा. तक्त्यावर अक्षरं उलटी, आरशात सुलटी दिसतात. ती सगळी उलटी अक्षरं हिने शाईने रेखून दिली. ही मोजणी कार्यालयात जमिनींचे नकाशे काढते. बारीक रेघेत तिचा हात कुणी धरणार नाही.

माझे जुने चष्मेवाले मालक पहिल्या दिवशी येऊन गेले. चौदा वर्षं त्यांच्याकडे काचा घासल्या, नंबर काढायला त्यांच्याकडेच शिकलो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि आरसा किंचित तिरका आहे एवढंच म्हणाले. चहा अर्धा टाकून गेले. माझं स्वतंत्र दुकान त्यांना रुचलेलं नाही, हे कळायला चष्मा लागत नाही.

मोठी गोष्ट शेवटी लिहितो. हिला चौथा महिना लागलाय. लग्नाला नऊ वर्षं झाली. आशा सोडली असं आम्ही तोंडाने कधी म्हटलं नाही, पण पाहुण्यांची पोरं मांडीवर फार वेळ ठेवत नव्हतो. आता प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं व्यवस्थित आहे. दुकान आणि मूल एकाच वर्षात. माणसाने आणखी काय मागावं.

१९ जानेवारी

हिला ऑफिसातल्या भिंतीवरचा मोठा नकाशा धूसर दिसतो म्हणाली. दुकान बंद करायच्या आधी खुर्चीत बसवून तपासलं. मायनस सव्वादोनचा पावणेतीन झालाय. ती घाबरली. मी समजावलं: गरोदरपणात नंबर बदलतोच. अंगात पाणी साठतं, तसं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातही थोडं साठतं. पडदा किंचित फुगला की नंबर हलला. बाळंतपणानंतर आपोआप जागेवर येतो.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्या डोळ्यांनाही दिवस गेलेत म्हणा की."

खूप हसलो दोघं. जुने मालक अशा बायकांना चष्मा करून देत नसत, बाळंतपण उरकल्यावर या म्हणायचे. पण हिचं काम डोळ्यांचं, आणि नवऱ्याचं दुकान असून बायकोने डोळे बारीक करून बसायचं हे काही बरं दिसत नाही. काचा मीच घासल्या, तिला आवडली होती ती तपकिरी फ्रेम दिली.

११ फेब्रुवारी

सासूबाई राहायला आल्या. त्या कमी बोलतात, त्यामुळे घरात तिसरं माणूस आल्यासारखं वाटत नाही. सकाळी उठून पाहतो तर पाणी भरलेलं असतं, कपडे वाळत पडलेले असतात.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. रक्तदाब ठीक, वजन ठीक. संध्याकाळी हिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आधी काहीच नाही. मग आतून कुणी बोटाने टिचकी मारावी तसं झालं. मी हात काढला नाही. जेवण गार झालं, सासूबाईंनी पुन्हा गरम केलं.

हिचे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. हेही होतंच. थेंब दिलेत.

२ मार्च

आज पहिल्यांदा बाकावर गिऱ्हाइकं वाट बघत बसली होती. एक निवृत्त मास्तर आले. तक्ता वाचताना प्रत्येक अक्षराला "बहुधा" म्हणत होते. मी म्हटलं, मास्तर, पोरांना असं उत्तर चाललं असतं का? म्हणाले, म्हणूनच तर निवृत्त केलं.

हिचे पाय सुजलेत. स्वतःच्या चपला होत नाहीत, माझ्या घालून ऑफिसला जाते. तिथल्या बायका विचारतात, यजमान आज अनवाणी गेले का? सासूबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. त्या बराच वेळ त्या खळग्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, सगळ्यांच्याच पायांना सूज येते. त्या म्हणाल्या, "पायांना येते."

मला वाटतं त्यांना दुसरं काही म्हणायचं होतं.

१६ मार्च

आज डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस होता आणि आजच दुकानात मोफत तपासणी ठेवलेली. चुकून एकाच तारखेला दोन्ही आलं. पत्रकं वाटून झालेली, लोक सकाळपासून उभे. हीच म्हणाली, पुढच्या आठवड्यात जाऊ. सासूबाई म्हणत होत्या, मी घेऊन जाते. मी म्हटलं, उन्हात बसने कशाला दगदग, तिथे वजन करतात, दाब बघतात आणि पाठवून देतात. काही त्रास असता तर गोष्ट वेगळी.

तपासणी जोरात झाली. घसा बसला.

२४ मार्च

डॉक्टरीणबाई रजेवर गेल्यात. त्यांच्या जागी दुसरे कोणी डॉक्टर सकाळीच बसतात आणि हिला सकाळी निघता येत नाही, मोठ्या रस्त्याचा नकाशा महिनाअखेर द्यायचाय. त्या परत आल्या की जाऊ असं ठरलं. ओळखीच्या डॉक्टरकडे गेलेलं बरं.

२९ मार्च

आनंदाची गोष्ट. हिला जवळचं दिसायला त्रास होतोय म्हणाली म्हणून पुन्हा तपासलं, तर नंबर कमी झालाय. पावणेतीनचा सरळ दोनवर आला. मी दोन-तीनदा काचा बदलून खात्री केली. बाळंतपणाआधीच नंबर उतरायला लागला, असं मी अजून कुणाचं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मग दिसत का नाही नीट?" मी म्हटलं, चढलेल्या नंबरच्या काचा घालून बसलीस, कसं दिसेल? लगेच नवा चष्मा केला.

नव्या चष्म्यातही तिला सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसते. पाण्यात काठी घातल्यासारखी, असं म्हणाली. पट्टी लावून रेघ ओढते आणि मग पट्टीच वाकडी दिसते. ऑफिसात दोनदा कागद फाडला. साहेबांनी नकाशा शेजारच्या टेबलावर दिला. ते तिला लागलंय.

बहुतेक काचेचा मध्य किंचित सरकला असेल. उद्या पुन्हा बसवतो.

४ एप्रिल

जुने मालक अचानक दुकानात आले. नेमकी हीसुद्धा होती, डबा घेऊन आली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बसायचं विसरून उभेच राहिले. तोंडावर सूज कधीपासून आहे, डोकं दुखतं का, असं विचारायला लागले. ही म्हणाली, संध्याकाळी दुखतं थोडं, दिवसभर डोळ्यांना ताण असतो ना. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, नंबर काय आहे. मी अभिमानाने सांगितलं, उतरलाय.

ते म्हणाले, "उतरला? हिला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. आज दाखव."

बायकोसमोर, एका गिऱ्हाइकासमोर. चौदा वर्षं त्यांनी मला कधी स्वतःहून नंबर लिहू दिला नाही, प्रत्येक वेळी मागून येऊन तपासायचे. आता माझ्या दुकानात येऊनही तेच. मी "बघतो" म्हटलं आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. ते गेले.

घरी जाताना हिने विचारलं, जायचं का दाखवायला? मी म्हटलं, डॉक्टरीणबाई चार दिवसांत येताहेत, एकदमच सगळं दाखवू. ती बरं म्हणाली. ती माझ्यावर विश्वास ठेवते, हे किती मोठं आहे.

९ एप्रिल

डॉक्टरीणबाईंची रजा वाढली. घरात कुणी आजारी आहे म्हणे.

हिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. अशक्तपणाने होतं. लोहाच्या गोळ्या ती टाळते, पोट दुखतं म्हणून. आजही बरगड्यांच्या खाली दुखत होतं, उलटी झाली. आम्लपित्त. मी थंड दूध दिलं. अंगठी बोटातून निघत नाही, साबण लावून काढायला गेलो तर ओरडली, मग राहू दिली.

सासूबाईंशी पहिल्यांदाच खटका उडाला. उद्या सकाळी मी हिला कुठल्याही डॉक्टरकडे नेते, म्हणाल्या. मी म्हटलं, परवा दुकानाला सुट्टी आहे, मी स्वतः नेतो, मोठ्या इस्पितळात नेतो, एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे? त्या भांडी घासत होत्या, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला डोळ्यांतलं कळतं. ही सगळीच्या सगळी सुजलीय."

ही मधे पडली. म्हणाली, आई, परवा जाऊ ना, त्यांना सवड आहे परवा.

मला वाईट वाटलं. जावई म्हणून नाही, पण या घरात डोळ्यांचा धंदा मी करतो.

१३ एप्रिल

काय झालं ते लिहून ठेवतो. इस्पितळाच्या बाकावर बसलोय. डायरी कपड्यांच्या पिशवीत आली, कुणी टाकली माहीत नाही.

परवा सकाळी निघायची तयारी चालली होती. मी बूट घालत होतो. आतल्या खोलीतून हिने विचारलं, "लाइट गेले का?"

खिडकी उघडी होती. खोलीभर ऊन होतं. ती पलंगाच्या कडेवर बसून साडीच्या निऱ्या धरून होती आणि दाराकडे पाहत होती, पण दारात मी उभा होतो आणि ती मला पाहत नव्हती. मी तिच्यापुढे बोटं धरली. किती बोटं, विचारलं. ती म्हणाली, कुठे? मी धावत जाऊन टॉर्च आणला, एका डोळ्यात मारला, दुसऱ्यात मारला, बाहुल्या नीट लहान होत होत्या. मी म्हटलं, बाहुली तर ठीक आहे. पुन्हा बोटं धरली. सासूबाईंनी माझा हात खाली केला आणि म्हणाल्या, "गाडी आणा."

गाडी मिळाली. गाडीत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. वाटेत तिचा जबडा घट्ट मिटला आणि सगळं अंग ताठ झालं, मग हिसके बसायला लागले. सासूबाईंनी तिला कुशीवर वळवलं. मी तिचा चष्मा फुटू नये म्हणून काढून हातात धरला. आता आठवलं की हसू येत नाही, रडूही येत नाही. त्या वेळी मी चष्मा सांभाळत होतो.

इस्पितळात नर्सने रक्तदाब मोजला, थांबली, पुन्हा मोजला आणि पळत गेली. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी तपासलं होतं? मी म्हटलं, फेब्रुवारीत. डोकेदुखी कधीपासून, उजेडाचे ठिपके कधीपासून, पोटात वरच्या बाजूला दुखत होतं का. प्रत्येकाला हो म्हणत गेलो. प्रत्येक गोष्ट मला माहीत होती.

दोन्ही जीव धोक्यात आहेत, पोटातलं बाळ आत्ता काढावं लागेल, म्हणाले. सही केली.

मुलगी झाली. सातवाच महिना. काचेच्या पेटीत ठेवलीय. रडली म्हणतात, मी ऐकलं नाही. हिला अजून झोपेच्या इंजेक्शनखाली ठेवलंय, झटका पुन्हा येऊ नये म्हणून.

१५ एप्रिल

ही शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, बाळ? मी म्हटलं, छान आहे. दुसरा, इथे अंधार का ठेवलाय? मी खिडकीकडे पाहिलं. मग तिला कळलं.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टर आल्या, तरुण आहेत. थेंब टाकून, कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून दोन्ही डोळ्यांच्या आत पाहत राहिल्या. त्यांचं झाल्यावर मी सांगितलं की मी या धंद्यातला आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला समजेल. अंगातल्या रक्तवाहिन्या न कापता बघता येतात अशी एकच जागा आहे, डोळ्याचा मागचा पडदा. हिच्या तिथल्या धमन्या दाबामुळे आवळून दोऱ्यासारख्या झाल्यात. पडद्याखाली पाणी साठलंय, ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा जागेवरून उचलला गेलाय, दोन्हीकडे. हे एका दिवसात होत नाही. आधी रेघा वाकड्या दिसतात, मधोमध डाग येतो. पडदा पुढे आला की नंबरसुद्धा प्लसकडे झुकतो, म्हणजे मायनस असेल तर कमी होतो.

मी मान हलवली.

बाळंतपण झालंय, आता दाब उतरला की पाणी आपोआप ओसरेल, बहुतेकांना दिसायला लागतं, म्हणाल्या. काही आठवडे लागतील. मग उशाशी ठेवलेला चष्मा उचलून त्यांनी डोळ्यांसमोर धरला, मागेपुढे केला. विचारलं, "हा नवा दिसतोय. कुणी दिला हा नंबर?"

मी तोंड उघडलं होतं. ही म्हणाली, "जुनाच आहे."

तिला काही दिसत नव्हतं. तरी ती माझ्याच दिशेला तोंड करून होती.

सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

१६ एप्रिल

हिला चाकाच्या खुर्चीतून बाळाकडे नेलं. पेटीला बाजूने हात घालायला गोल भोक आहे. नर्सने हिचा हात धुतला, पुसला आणि आत सोडला. बोटाला काय लागलं ते ही मोठ्याने सांगत होती: हा पाय. ही टाच. हा तळवा असेल. मग बोलायची थांबली. बाळाने तिचं बोट धरलं होतं. नर्स म्हणाली, आता पुरे, गारठा लागेल. ही म्हणाली, तिने सोडलं की काढते.

परत येताना म्हणाली, दिसायला लागलं की आधी बाळालाच बघणार, तुमचा नंबर नंतर.

संध्याकाळी लहान मुलांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. फुप्फुसं पुरती तयार झालेली नाहीत, श्वास घेताना दमते. यंत्राच्या काट्याकडे बघा, म्हणाले, इथवर खाली आला की प्राणवायू वाढवावा लागतो. मी हिला सांगितलं, डॉक्टर म्हणतात प्रगती आहे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला तिला घाबरवायचं नव्हतं. दाब पुन्हा वाढला असता.

१७ एप्रिल

दुपारी पुन्हा सांगितलं, छान आहे. काटा दिवसभर खालीच होता.

१८ एप्रिल

सकाळी गेली.

२० एप्रिल

परवा पुढे लिहिता आलं नाही. नर्सने पांढऱ्या कापडात गुंडाळून बाळ हिच्या कुशीत दिलं. हिने कापड सोडलं आणि दोन्ही हातांनी सगळं पाहिलं. मी असं लिहितोय, पण पाहिलं म्हणजे चाचपलं. कपाळ, नाक, हनुवटी, कान, बोटं एकेक. घाई केली नाही. नकाशा काढताना तिचा हात असाच चालतो. रडली नाही. मला म्हणाली, "काल दुपारीसुद्धा छान होती ना?"

मी म्हटलं, हो.

मी आणि सासूबाई बाळाला पोचवून आलो.

६ मे

घरी आलोय. हिचा दाब उतरलाय, सूज गेली, अंगठी आता बोटात फिरते. डोळ्यांना आधी खिडकीचा उजेड कळायला लागला, मग माणूस आडवा गेला की सावली, मग रंग. काल भिंतीवरचं घड्याळ आहे असं कळलं, काटे नाही.

तीन आठवडे दुकान बंद असेल असं धरून गेलो, तर उघडं. जुने मालक स्वतःचं दुकान भाच्यावर टाकून रोज इथे येऊन बसत होते. किल्ली सासूबाईंनी पाठवली होती. मला पाहून उठले, खुर्ची मोकळी केली. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, तुम्ही सांगितलं होतंत. ते म्हणाले, जेवलास का?

गिऱ्हाइकं विचारतात, काय झालं, मुलगा की मुलगी. मी उत्तर देतो आणि ते चष्म्याचं राहूनच जातं.

ही माझ्याशी चांगलं बोलते. अगदी पूर्वीसारखं. पण मी काही सांगितलं की ती एकदा आईला विचारून घेते. बाहेर पाऊस आहे म्हटलं तरी.

२० मे

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पडदा दोन्हीकडे जागेवर बसलाय. मागे थोडे डाग राहिलेत, त्याने रोजच्या कामाला फारसा अडथळा येऊ नये. नंबर मायनस सव्वादोन, पूर्वी होता तोच. त्या खूश होत्या. नजर वाचली, पुन्हा दिवस गेले तर पहिल्या महिन्यापासून दाबावर लक्ष ठेवायचं, म्हणाल्या.

हिने विचारलं, "बाळंतपणानंतर लवकरात लवकर कुणाला दिसायला लागलंय?"

डॉक्टर म्हणाल्या, काहींना दोन-तीन दिवसांतही. किती दिवस पाणी साठत होतं त्यावर असतं.

ही म्हणाली, बरं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सगळं बघत होती. दुकानांच्या पाट्या, लोकांच्या पिशव्या, विजेच्या तारा. कुणी हरवलेलं शोधावं तशी. घरी आल्यावर आईचा चेहरा हातांत धरून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही बारीक झालात.

मी तिच्यापुढे उभा राहिलो. तिने मला पुरतं पाहिलं. नजर हटवली मीच.

३ जून

ही परवापासून ऑफिसला जायला लागली. नकाशांचं काम परत तिच्या टेबलावर आलंय.

आज जेवणं झाल्यावर ताटं तशीच होती. ती म्हणाली, तिच्याबद्दल सांगा. इतक्या दिवसांत तिने विचारलं नव्हतं आणि मी काढलं नव्हतं. मी म्हटलं, अगदी तुझ्यासारखी होती.

ती म्हणाली, "बरं वाटावं म्हणून नको. मी हाताने बघितलंय तिला. हाताला कळत नाही तेवढंच सांगा."

मग मी सांगितलं. रंग तांबूस होता, पिकल्या फळासारखा. त्वचा इतकी पातळ की पोटावरच्या निळ्या शिरा दिसत. केस काळे, ओले असल्यासारखे चिकटलेले. खांद्यांवर लव होती. श्वास घेतला की बरगड्यांच्या मधली जागा आत जायची. तिला दुखत होतं का, असं हिने विचारलं. मी म्हटलं, दमत होती. पहिल्या दिवसापासून दमत होती. मी तुला खोटं सांगत होतो.

ती म्हणाली, "ते माहीत आहे. डोळे?"

मला कळलं नाही.

"डोळे उघडायची का? कसे होते? कुठे बघायची?"

मी आठवायला लागलो. मी दिवसातून चार-पाचदा त्या पेटीपाशी जाऊन उभा राहत होतो. काटा कुठे आहे ते मला प्रत्येक वेळचं आठवतं. नळी कुठल्या नाकपुडीत होती, पट्टी कशी चिकटवली होती, सगळं आठवतं. डोळे आठवेनात. चौदा वर्षं आणि वर हे दुकान, समोर आलेल्या प्रत्येक माणसाच्या मी आधी डोळ्यांत बघतो.

म्हटलं, "माहीत नाही. मी पाहिले नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती सगळं बोलेल, मागच्या महिन्यांतलं सगळं. तिने बोलावं असंच मला वाटत होतं.

सासूबाई ताटं उचलायला वाकल्या होत्या. त्या पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, "उघडायची. काळेभोर होते, बटणासारखे. तू हात आत घातलास ना त्या दिवशी, तेव्हा उघडे होते. मान हलवायचं बळ नव्हतं तिला. डोळेच वळवले तिने आणि तुझ्याकडे पाहिलं. तू बोलत होतीस तोवर पाहत होती."

"माझ्या तोंडाकडे?"

"तोंडाकडेच."

इतक्या कोवळ्या बाळाची नजर ठरत नाही. पेटीच्या काचेपलीकडचा चेहरा ओळखणं तर सोडाच, तिला उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं काही दिसलं नसणार. हे मला पक्कं माहीत आहे. जिभेवर आलं होतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी ताटं उचलली आणि मोरीत नेऊन घासायला बसलो. बाहेरच्या खोलीत ही पुन्हा विचारत होती आणि सासूबाई पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या.